मुरबाडच्या वहिनी, त्या सुरणासाठी थँक्यू

वहिनी, हे फोनवर बोलले असते पण तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषयच बंद करता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

जूनमध्ये तुमच्या शेतातल्या भाजीच्या दर आठवड्याच्या पिशवीचे दिवाळीपर्यंतचे पैसे भरले तेव्हा माझ्या डोक्यात भाजीवाला बदलला एवढंच होतं. पैसे आधी, पीक येईल तशी वाटणी, नुकसान झालं तर तेही वाटून, हे तुम्ही नीट सांगितलेलं, पण मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर बसून पाऊस म्हणजे लोकल लेट एवढंच कळतं ना. सप्टेंबरपर्यंत पिशवी भरभरून यायची, पडवळ, शिराळी, काकड्या, एकदा तर घोसाळी इतकी की शेजारीपाजारी भजी वाटली. मग परतीच्या पावसाने झोडपलं आणि पिशवीत आलं काय तर लाल भोपळ्याची फोड, मूठभर चवळीच्या शेंगा आणि मातीने माखलेला सुरण. मी लगेच ग्रुपवर टाकलं, "एवढ्यात आठवडा कसा काढायचा?" आता तो मेसेज बघितला की लाज वाटते.

तुम्ही तिथे उत्तर दिलं नाहीत, फोन केलात. वेलांची फुलं झडली, मांडव एका बाजूने बसला, भात आडवं झालंय, हे दोन वाक्यांत उरकलंत आणि उरलेला सगळा वेळ सुरण कसा चिरायचा ते सांगितलंत. हाताला तेल लावा, चिरताना पाणी नको, चिंच घालून उकळा. मी शहाणी, आधी नळाखाली चोळून धुतला! रात्री साडेदहाला कोपरापर्यंत खाज, परत तुम्हालाच फोन, पलीकडून आधी हसू आणि मग "चिंच चोळा हाताला". (कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात त्यात, लेकीने गुगल करून सांगितलं. आत्ता सांगतेस होय!)

दुसऱ्या दिवशी काप केले, हळद तिखट मीठ, रव्यात घोळवून तव्यावर. नवरा ताटाकडे बघून म्हणतो, "आज गुरुवार ना गं, सुरमई कशी?"

तर त्या फोनसाठी थँक्यू, आणि दादांनाही सांगा. कोंबाचा तुकडा ठेवलाय, मे महिन्यात कुंडीत लावणारे. आणि तुमच्या तीन रिकाम्या पिशव्या वॉचमनकडे दिल्यात, शनिवारच्या टेम्पोत घेऊन जा.