मांडीखाली हात दाबून बसलेल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

माझा जुना लॅपटॉप मार्गी लावलात, पण पैसे तुम्ही घेतले नाहीत. चहासुद्धा अर्धाच घेतलात. आणि तोंडावर आभार मानायला लागलं की "अहो मॅडम, त्यात काय" म्हणत तुम्ही चप्पल शोधायला लागता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत जो वाचेल त्याला कळेलच.

माझा लॅपटॉप जुना आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. पाचव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. पण माझी शिकवणी त्याच्यावर चालते: प्रश्नपत्रिका, फीचा हिशेब, पोरांना दाखवायचे व्हिडिओ. 14 ऑक्टोबर 2025 ला त्यातल्या विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, त्यात बसतच नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री मेलेलं.

मग सुरू झाली वरात. एका दुकानात सांगितलं, "मॅडम, भंगारात घाला, नवीन हप्त्यावर देतो." दुसरीकडं आवाज बारीक करून, "क्रॅकवालं विंडोज 11 टाकून देतो, कुणाला कळत नाही." ओळखीतला इंजिनिअरिंगचा मुलगा आला, त्यानं विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली, तिचा काली नावाचा प्रकार चढवला आणि मित्राला फोनवर सांगितलं, "हॅकर लोक हेच वापरतात बे!" मला सहावीची गणितं टाईप करायची होती, अण्णा. काली बनवणारेच सांगतात की ते सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी आहे, लिनक्सची ओळख नसलेल्यांनी तिथून सुरुवात करू नये. एवढं वाचायला त्या हुशाराला सवड नव्हती. शेवटी एक जाणकार गृहस्थ भेटले. त्यांनी फेडोरा, आर्च, ओपनसुसे अशी लिनक्सच्या प्रकारांच्या नावांची माळ ओढली आणि वर म्हणाले, "आधी तुम्ही ठरवा, मग या." ठरवायचं कशावरून, ते काही बोलले नाहीत.

त्या जाणकारांनी लॅपटॉपकडं पाहिलंही नाही. बाकीच्या तिघांचं वागणं मात्र एका साच्यातलं. "द्या इकडं" म्हणायचं आणि माऊस ओढून घ्यायचा. मग खटाखट खटाखट, आणि मी बाजूला उभी, माझ्याच टेबलाशी.

तुम्ही आलात तेव्हा खुर्ची मी तुमच्याकडं सरकवली. तुम्ही ती परत माझ्याकडं सरकवलीत आणि स्वतः स्टुलावर बसलात. पहिला प्रश्न, "दिवसभर यावर काय काय करता ते करून दाखवा." कुणी विचारलंच नव्हतं हो हे. मी दाखवत गेले, तुम्ही बघत गेलात. मग वेगवेगळी लिनक्स भरलेले तुमच्याकडचे पेनड्राइव्ह निघाले आणि तुम्ही दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलात. मला वाटलं थंडी वाजतेय. सोलापुरात, भर दुपारी!

"लिनक्स म्हणजे माग," तुम्ही म्हणालात, "आणि डेस्कटॉप म्हणजे चादरीवरची नक्षी. माग तोच ठेवून नक्षी बदलता येते." यंत्रमागाच्या गल्लीत वाढलेल्या बाईला यापुढं आणखी काय समजवायचं? त्या गृहस्थांनी सांगितलेली नावं मागांची होती, आणि मला तर दिवसभर समोर दिसणार होती नक्षी.

मग मी एकेक लावून बघितलं. पेनड्राइव्हवरूनच चालवायचं, आतल्या डिस्कला धक्का नाही. पेनड्राइव्हवरून सगळंच जरा सुस्त चालतं, त्यावरून वेगाची पारख करू नका, मेमरी किती खातंय ते बघा, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. उबुंटू नावाच्या लिनक्सवर ग्नोमची नक्षी होती, तिच्यात मी विंडोजचं बटण दाबलं आणि सगळ्या खिडक्या लहान होऊन पडद्यावर पसरल्या. मी घाबरले. तेव्हा तुमचा उजवा हात मांडीखालून अर्धा बाहेर आला, थांबला, आणि परत आत गेला. तुम्ही नुसतं म्हणालात, "परत तेच दाबा." मी दाबलं. खिडक्या जागेवर आल्या.

अण्णा, या पत्राचं कारण तो परत आत गेलेला हात आहे. बाकी पेनड्राइव्ह, इन्स्टॉल वगैरे कुणीही केलं असतं.

केडीई प्लाझ्मा ही दुसरी नक्षी दिसायला देखणी, पण तिच्यातल्या सेटिंगांच्या जत्रेत मी हरवले. मिंट नावाच्या मागावरचं सिनॅमन मला मनापासून आवडलं, ओळखीचं वाटलं, फक्त माझ्या चार जीबीत ब्राउझर उघडल्यावर फार जागा उरेना. त्याच मिंटचं एक्स-एफ-सी-ई साधं, थोडं जुन्या वळणाचं, पण हलकं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. एक्स-एफ-सी-ईचं चिन्ह उंदीर आहे हे कळल्यावर शिकवणीतली पोरं म्हणाली, बाई, गणपतीचं वाहन!

मी विचारत होते, "तुमच्याकडं कुठलं आहे?" तुम्ही सांगेनात. "आधी वायफाय बघा, आवाज बघा, मराठी टाईप करून बघा, प्रिंट काढा." मी मिंट एक्स-एफ-सी-ई म्हटल्यावरच तुम्ही तोंड उघडलंत: तुमच्याकडं माग डेबियन, त्यावर नक्षी केडीई. म्हणजे माझ्या निवडीपेक्षा अगदी वेगळं! तरी माझं चुकलं असं तुमच्या चेहऱ्यावर कुठं दिसलं नाही. आपली आवड दुसऱ्याच्या गळ्यात न मारणारा माणूस मला वाटतं फार दुर्मीळ. लग्नाच्या साड्या घेताना तर सापडतच नाही.

खोटी आशाही तुम्ही लावली नाहीत. वर्डच्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतील, पण तक्ते कधी कधी हलतील, म्हणून बाहेर द्यायचं ते पीडीएफ करून द्या, हे तुमचं वाक्य मी पहिल्या आठवड्यातच अनुभवलं. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला. फॉन्टची फाइल आणून ठेवल्यावर मराठी उमटलं. टॅलीसाठी विंडोजच लागेल हेही स्पष्ट सांगितलंत. माझं टॅलीवाचून अडत नाही, पण ज्याचं अडतं त्याला तुम्ही लिनक्स घ्या म्हणाला नसतात, याची मला खात्री आहे.

नंतर मी थोडं वाचलं. 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं. एक्स-एफ-सी-ई 1996 मध्ये ऑलिव्हिए फूर्दाँनं, मिंट 2006 मध्ये क्लेमाँ लफेव्रनं. आणि 2011 मध्ये ग्नोमनं आपलं रूप पार पालटलं तेव्हा ज्यांना ते पटलं नाही त्यांनी नुसती कुरकुर केली नाही, माटे आणि सिनॅमन या आपल्या वेगळ्या नक्षी उभ्या केल्या. ज्याला जुनं हवं त्यानं जुनं ठेवावं, ज्याला नवं हवं त्यानं नवं. फुकट वाटलेल्या वस्तूत इतकी अदब असते हे मला ठाऊक नव्हतं. मला ना टोरवाल्ड्स भेटणार, ना फूर्दाँ. त्यांच्या वाटचं देणं माझ्यापर्यंत तुमच्या हातून आलं.

अशी माणसं गावात असतात, गाजत नाहीत इतकंच. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत चुकलेल्या पोराला खांद्यावर घेऊन आईबाप सापडेस्तोवर उभा राहणारा. पत्ता विचारला तर हातातलं काम टाकून कोपऱ्यापर्यंत येणारा. दुकानदारांनी माझ्या लॅपटॉपमध्ये ग्राहक बघितला, त्या पोरानं स्वतःची हुशारी बघितली. तुम्ही प्रश्नपत्रिका करणारी बाई बघितलीत.

लॅपटॉप मस्त चाललाय. त्यातलं मिंट 22 आहे, 2029 पर्यंत अपडेट मिळणार म्हणे. तोवर कीबोर्ड टिकला म्हणजे झालं. पेनड्राइव्ह माझ्याकडेच आहेत. शेजारच्या टेलरिंगवाल्या ताईंना बघायचेत, तर आधी त्यांना देऊ का?

आणि एक राहिलंच. प्रिंटर छापतो झकास, पण त्याचा स्कॅनर अजून ऐकत नाही. रविवारी सवड असेल तर या, वहिनींनाही आणा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तयार ठेवते. चहा मात्र या वेळी पूर्ण घ्यायचा.

तुमची,
गल्लीतली शिकवणीवाली