अल्बम आपल्याच पोरांचा आहे, आधी ऐका तरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीतल्या चार पोरांच्या रॉक बँडनं स्वतःच्या खिशातनं पैसे घालून पहिला अल्बम काढलाय, सगळी गाणी मराठीत, आणि कुठल्याच पेपरात त्याची दोन ओळींची बातमीसुद्धा आली नाही म्हणून हे पत्र. बँडचं नाव देत नाही, जाहिरात वाटायला नको, तुम्ही विचारलंत तर कळवेन.

आपल्या गावचे म्हणून कौतुक करतोय असं नाही, गाणी खरंच दमदार आहेत. एक गाणं २०१९ च्या पुरावर आहे. सुरुवातीला नुसती बास गिटार एकच सूर धरून बसते आणि गाणारा पोरगा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी सांगत जातो, चाळीस फूट, एक्केचाळीस, बेचाळीस, आवाज अजिबात न चढवता, आणि पंचेचाळीसला म्हणजे धोक्याच्या पातळीला ड्रम सुरू होतात, मग सत्तावन्नपर्यंत दोन्ही गिटार अशा अंगावर येतात की ज्यांनी त्या ऑगस्टमध्ये रात्र रात्र जागून मोबाईलवर हेच आकडे बघितलेत त्यांच्या पोटात गोळा येईल. माझ्या तर आला. पुरावर भाषणं लई ऐकली, पण असं कुणी सांगितलं नव्हतं.

ड्रमचं रेकॉर्डिंग मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या गोदामात केलंय, भोवतीनं पोती रचली की आवाज घुमत नाही. एका गाण्यात मिरजेचा तानपुरा आहे. त्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, चांगलंच केलं, पण तेच वाद्य आपली पोरं नव्या गाण्यात वाजवतायत तर एका हॉलवाल्यानं 'रॉक म्हणजे धिंगाणा' म्हणून तारीखच दिली नाही, गाणी न ऐकताच. याचं फार वाईट वाटतं. मिरजेत राहिलेले थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांनी ग्रामोफोन नवा होता, भले भले गवई रेकॉर्डला बिचकत होते, त्या काळात रेकॉर्ड दिल्या. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं तेसुद्धा तेव्हा नवंच होतं की! नाट्यपंढरी म्हणवून घ्यायचं आणि नव्याला दार लावायचं हे पटत नाही.

वाचकांनाही एक सांगायचंय. अल्बमच्या मागं कंपनी नसली की गाणी ऑनलाइन चढवायची फी पोरंच भरतात, आणि स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर २०२४ पासून असा नियम आहे की एखादं गाणं १२ महिन्यांत १००० वेळा तरी वाजलं नाही तर त्याचा एक पैसा मिळत नाही, त्यात ३० सेकंदांच्या आत पुढं ढकललं तर ते वाजलेलं धरतच नाहीत. तेव्हा नुसतं लाईक करून शेअर करू नका, गाणं पूर्ण ऐका. आणि सीडी मिळाली तर विकत घ्या, ते पैसे थेट त्यांच्या हातात जातात.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला मुंबईच्या पिक्चरचं परीक्षण येतं, त्याच पानावर महिन्यातनं एकदा सांगली-मिरजेतल्या नव्या गाण्यांना एक कॉलम द्या. टीका केली तरी चालेल, पोरं म्हणतात कुणीतरी ऐकून नावं तरी ठेवा. आणि कुणाकडं हॉल असेल तर एक संध्याकाळ द्या, दहाच्या आत कार्यक्रम संपवायची त्यांची तयारी आहे, भाडंही ते भरणार आहेत.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली