शिलाई बाहेरून घालणाऱ्या मावशींना

मंगळवार पेठेतल्या मावशी,

शिलाईचे पैसे पुढं केले की दर वेळी तुमचं "ऱ्हाऊ दे गं" ठरलेलं. मग आभार तरी चारचौघांत मानू द्या. सूनबाई वाचून दाखवतील.

माझ्या लेकीला डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलिसिस बुलोसा आहे. कातडीचा वरचा थर खालच्याला धरून ठेवायला सातव्या प्रकारचं कोलॅजन लागतं, ते तिच्या अंगात नीट तयार होत नाही. जरा घासलं की फोड, फोड फुटला की जखम. तिला पहिल्यांदा आणलं तेव्हा तुम्ही टेप गळ्यातच ठेवलीत, जुन्या झबल्यावरून माप घेतलंत आणि विचारलंत, "कुठं कुठं टोचतंय?" तोवर जो तो "कुणाकडनं आलं?" हेच विचारायचा. आमचं मामाच्या घरातलं लग्न, त्यामुळं त्या प्रश्नाला धार असायची. सदोष जनुक दोघांकडून आलंय, अशा जोडप्यात दर खेपेला २५ टक्के शक्यता असते, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. पण घरोघरी कोण सांगत बसणार?

तुम्ही जुन्या धोतराची झबली शिवलीत. शिलाई बाहेरून, रबर नाही, मानेला लेबल नाही, पुढं नुसते बंद, म्हणजे डोक्यावरून ओढायला नको. निर्जंतुक सुईनं फोडातलं पाणी काढायचं, वरची साल तशीच ठेवायची, न चिकटणारी पट्टी लावायची. रोज सकाळ यातच जाते. त्यावर घट्ट कपडा ओढला की सगळी मेहनत वाया. बोटं एकमेकांना जुळून येऊ नयेत म्हणून प्रत्येक बोट वेगळं गुंडाळतो. त्यावरचे मलमलचे मोजे तुम्ही न सांगता शिवून दिलेत.

एक गिऱ्हाईक पोरीला बघून बाजूला सरकलं, तेव्हा मशिन न थांबवता तुम्ही म्हणालात, "जन्माचं हाय ते, लागायचं न्हाई तुला." डॉक्टरही हेच सांगतात, पण इतकं झटक्यात नाही!

२०२३ मध्ये अमेरिकेत या जखमांवर लावायच्या जनुकीय जेलला मान्यता मिळाली. नातेवाईक ती बातमी अजून पाठवतात. किंमत वाचून मी फोन बाजूला ठेवते आणि पट्ट्या कापायला घेते.

यंदा ती शाळेत जाणार. गणवेशाची शिलाई बाहेरून चालेल, असं बाईंनी सांगितलंय. कापड भिजवून, वाळवून आणते. या वेळी पैसे घ्यायचे.

तुमची,
पोरीची आई