गृहचौकशीला कोण येणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या हक्कांची राष्ट्रीय यंत्रणा बळकट करण्याविषयी पुण्यात झालेल्या कार्यशाळेची बातमी कालच्या अंकात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बातमी देणाऱ्या वार्ताहरावर माझा राग नाही, त्यांनी ऐकले ते लिहिले. राग आहे तो व्यासपीठावरून जे बोलले गेले त्यावर. देशभरासाठी एकच माहितीप्रणाली, राष्ट्रीय आणि राज्य बालहक्क आयोगांचा समन्वय, अधिकाऱ्यांची प्रशिक्षणे. यातले काहीही वाईट नाही. पण सरकारी मदतीसाठी मुलाचा अर्ज आल्यावर त्याच्या घरची परिस्थिती पाहायला, म्हणजे गृहचौकशीला, कोण जाणार, हा प्रश्न अख्ख्या बातमीत कुणी विचारलेला दिसला नाही. मी महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवले, शेवटची काही वर्षे मुख्याध्यापिका होते, आणि घोडे दरवेळी पेंड खाते ते इथेच.

माझ्या शाळेतल्या एका मुलाची आई २०२२ साली काविळीने गेली. वडील त्याआधीच दुसरे घर करून निघून गेले होते. राहिली आजी. ती चार घरी धुणीभांडी करते. वस्ती कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती आजीला मीच दिली. महिन्याला २२५० रुपये मिळतात. अनाथ किंवा एकट्या पडलेल्या मुलाला बालगृहात न पाठवता त्याच्या माणसांतच वाढू द्यावे, हा योजनेचा हेतू आहे आणि तो मला मनापासून पटतो. त्या आजीच्या घरात २२५० रुपयांना फार अर्थ होता.

आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आईचा मृत्यूदाखला, बँकेचे पासबुक, शिवाय मुलासोबत घरासमोर उभे राहून काढलेला फोटो. आम्ही सगळे जमवले. फोटो मीच काढला. अडले ते वडिलांपाशी. ते जिवंत, त्यामुळे मृत्यूदाखला नाही. घटस्फोट कधी झाला नाही, त्यामुळे तोही कागद नाही. कार्यालयातून सांगितले, वडील बेपत्ता असल्याचा पोलिसांचा दाखला आणा. पोलीस म्हणाले, तो हरवलेला नाही, स्वतःहून गेला आहे, मिसिंग कशी नोंदवायची? दोघेही आपापल्या नियमाने बोलत होते आणि मधल्या मध्ये आजीचे कामाचे खाडे पडत होते.

त्यानंतर रेशनकार्डाचे निघाले. कार्ड गावाकडचे, म्हणून अर्ज त्या जिल्ह्यात करा, असे इथे सांगितले. तिथे गेल्यावर उत्तर मिळाले की मूल पुण्यात राहते, मग अर्ज पुण्यातच हवा. शेवटी तिथल्या एका भल्या कर्मचाऱ्याने अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाला, आता गृहचौकशी होईल, मग बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांविषयी आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, यायचे. गृहचौकशीला कुणी आलेच नाही. विचारायला गेलो तर कळले की या कामाला नेमलेला माणूस कंत्राटी, त्याच्याकडे कित्येक तालुके, आणि मानधन थकलेले. त्याला तरी काय बोलणार? पुढच्या खेपेला सांगितले की समितीचीच मुदत संपली आहे, नवीन समिती अजून नेमलेली नाही, वाट पाहा.

आजी बसस्टॉपवर जे म्हणाली ते जसेच्या तसे लिहिते. "बाई, माझी पोर कोविडनं गेली असती तर कुनीतरी आलं असतं."

तिचे म्हणणे खरे आहे, म्हणून ते डाचते. २०२१ साली याच महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले. कोविडने आई किंवा वडील गेलेल्या मुलांच्या याद्या झाल्या, माणसे घरोघरी गेली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे ५ लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय झाला. तेव्हाही कायदा हाच होता, कार्यालये हीच होती आणि कंत्राटी माणसेही बहुतेक हीच होती. वरून दर आठवड्याला विचारणा होत होती एवढाच काय तो फरक. काविळीने, अपघाताने किंवा दारूने आईबाप गेलेल्या मुलाचे दुःख कमी असते असे कुठल्या कायद्यात लिहिले आहे?

उलट कायद्यात सगळे स्पष्ट लिहिले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ३६ कुणीही काढून वाचावे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची सामाजिक चौकशी, गृहचौकशी त्यातच आली, १५ दिवसांत पूर्ण करायची, म्हणजे समितीला ४ महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता येईल. किती प्रकरणे निकाली निघाली आणि किती पडून आहेत, याचा अहवाल समितीने दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा. त्यांनी सूचना देऊनही साचलेले काम तीन महिन्यांत हलले नाही, तर राज्य सरकारने ती समिती बरखास्त करून नवी नेमायची. या नेमणुकीत वेळ जाऊ नये म्हणून पात्र व्यक्तींची यादी कायम तयार ठेवायची. एवढे करूनही उशीर झालाच तर शेजारच्या जिल्ह्याच्या समितीने काम पाहायचे. ज्याने हे कलम लिहिले त्याला आपल्या सरकारी कचेऱ्या चांगल्या ठाऊक असल्या पाहिजेत. मग शेजारच्या जिल्ह्याची समिती आमच्या आजीला कुणीच का सांगितली नाही? ‘वाट पाहा’ हे उत्तर कुठल्या कलमात आहे?

रिकाम्या जागांचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणारी बाल न्याय मंडळे आणि बालकल्याण समित्यांमधल्या जागा वेळेवर भरा, असे बजावले होते. आपण बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत १९९२ साली सामील झालो, आयोगांचा कायदा २००५ साली केला, राष्ट्रीय आयोग २००७ मध्ये सुरू झाला. त्या आयोगाला चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण शेवटी तो करू शकतो ती शिफारस. शिफारस ज्याच्या टेबलावर जाते, त्या टेबलामागे माणूस नसेल तर दिल्लीत कितीही बळकटीकरण केले तरी माझ्या विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग?

स्थानिक पातळीवरचे तर बोलायलाच नको. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेमध्ये मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या समित्यांकडे दिले. पुण्यात मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे लोकांनी निवडून दिलेले नगरसेवकच नव्हते. वस्तीतल्या बाईने कुणाचे दार ठोठवायचे होते?

दरम्यान त्या मुलाचे काय झाले ते सांगते. आजीचे गुडघे गेले, दोन घरची कामे सुटली, आणि मुलगा पहाटे बाजारात भाजीच्या गोण्या उतरवायला जाऊ लागला. शाळेत पंधरवड्यातून एखाद-दुसरा दिवस येऊन बसतो. हजेरीपटावर नाव आहे आणि सलग महिनाभर तो कधी गैरहजर नसतो, त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तो सापडत नाही. अर्ज केला तेव्हा तो चौदा वर्षांच्या आतला होता, म्हणजे त्याला कुठल्याही कामाला ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा होता. अर्ज पडून असताना त्याने चौदावे वर्ष ओलांडले. आता तो कायद्याच्या भाषेत किशोर, धोकादायक नसलेले काम करायला मोकळा. त्याचे गणित फार चांगले होते. अपूर्णांक तर तो इतर मुलांना शिकवायचा. मला रात्री झोप लागत नाही ती यामुळे.

आता आपल्या वृत्तपत्राविषयी. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर बाल न्याय मंडळ हा शब्द आपण रोज पहिल्या पानावर छापलात. अल्पवयीन चालकाच्या जामिनाला घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर सगळे शहर संतापले आणि ते संतापणे रास्तच होते. पण मंडळावरचे सदस्य कसे निवडले जातात, त्यांच्या कामावर लक्ष कुणाचे असते, हे प्रश्न त्या वेळी सुटले नाहीत आणि नंतर आपण त्यांचा पाठपुरावाही केला नाहीत. त्याच मंडळांसमोर रोज गरिबाघरची मुलेही उभी राहतात, त्यांच्यासाठी पहिले पान कधी मिळत नाही.

आणि आणखी एक, जे मी बरेच दिवस मनात ठेवले होते. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी देताना आपण तिचे नाव छापत नाही. पण गेल्या काही महिन्यांत मी आपल्याच अंकात सोसायटीचे नाव, मुलीची इयत्ता, वडिलांचा व्यवसाय आणि शाळा कोणत्या चौकात आहे, हे सगळे एकाच बातमीत वाचले आहे. त्या भागातल्या कुणालाही मुलगी ओळखू येते. मूल ओळखू येईल असा कोणताही तपशील छापायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्येही अशीच मनाई आहे. मी वर वस्तीचे नाव लिहिले नाही ते याच कारणाने. एक निवृत्त शिक्षिका एवढी काळजी घेऊ शकते, तर आपल्या उपसंपादकांना ती का घेता येऊ नये? अशी मुलगी पुन्हा शाळेत येते तेव्हा वर्गातल्या मुली तिच्याकडे कशा बघतात, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या मुलीने शाळा सोडली.

माझी आपल्याला विनंती आहे. कलम ३६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणारा तिमाही अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. पुणे जिल्हा आणि आजूबाजूचे जिल्हे, सगळ्यांचा. समितीच्या अध्यक्षांसह पाच जागांपैकी किती भरलेल्या आहेत, किती गृहचौकश्या १५ दिवसांच्या पुढे गेल्या आहेत, आणि घरोघरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मानधन किती महिन्यांचे थकले आहे, हे दर तीन महिन्यांनी छापा. मुलांची नावे नकोत, फक्त आकडे आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम. पुढची कार्यशाळा होईल तेव्हा तो अंक व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या हातात द्या.

आजीच्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. आपला वार्ताहर येणार असेल तर नाव न छापण्याच्या बोलीवर ती दाखवीन, आणि आजी बोलायला तयार आहे. ती दुपारी तीननंतर मोकळी असते.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, पुणे