बूडोला गरवायला येतोस तर

बूडो, नॉर्वे

प्रिय सुहास,

जुलैत येणं पक्कं झालं ना? मग सामान बांधायच्या आधी हे वाच. पहिलं म्हणजे पाग (फेकायचं जाळं) घरीच ठेव. इथल्या समुद्रात पाहुण्यालाही फुकट मासे मारता येतात, परवाना लागत नाही. पण फक्त रॉडने किंवा हातदोरीने. जाळं, पिंजरा चालत नाही आणि पकडलेला मासा विकता येत नाही. मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांपासून १०० मीटर लांब राहायचं.

दुसरं, घड्याळ. इथे जागा आणि आमिष यांपेक्षा वेळ महत्त्वाची, आणि ती साल्टस्ट्राउमनला सर्वांत जास्त. शहरापासून रस्त्याने साधारण ३० किलोमीटर. बाहेरचा साल्टफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे जमिनीत शिरलेली समुद्राची लांब खाडी) आणि आतला शेर्स्टाफ्योर्ड यांना जोडणारी ३ किलोमीटर लांब आणि जेमतेम १५० मीटर रुंद वाट आहे ती. दर सहा तासांनी तिच्यातून सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी एकदा आत, एकदा बाहेर जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वेग २० नॉटपर्यंत जातो असं सांगतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत जोर कमी, म्हणून नवख्याला तेच दिवस बरे.

बूडो बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळांवर मात्र इथे विसंबू नकोस. आतला फ्योर्ड मोठा आणि तोंड चिंचोळं, त्यामुळे बाहेर ओहोटी लागली तरी आत पाणी शिरतच असतं. साल्टस्ट्राउमनचं वेगळं वेळापत्रक मिळतं. त्यात बहुधा सर्वांत जोरदार प्रवाहाची वेळ असते, कारण ते भोवरे बघायला येणाऱ्यांसाठी केलेलं असतं. आपल्याला हवी पाणी वळायची, म्हणजे प्रवाह मंदावून उलटा फिरायची, वेळ. ती त्याच्या साधारण तीन तास आधी किंवा नंतर धर. वळायच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास कामाचा. तो रात्री दोनला आला तर दोनला जायचं. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे मध्यरात्रीही सूर्य असतो, आणि नंतरही महिनाभर टॉर्च लागत नाही.

काठावरून गरवायला ९ ते १० फुटी रॉड, १०० ग्रॅमपर्यंत फेकणारा. ४००० किंवा ५००० मापाची रील, ०.२० ते ०.२५ मिमी ब्रेड (विणलेली दोरी), आणि पुढे दोन-तीन मीटर ०.६० मिमी मोनोचा, म्हणजे एकसंध नायलॉनचा, लीडर (गळाजवळचा जाड दोरा). हा लीडर विसरू नकोस, कारण ब्रेड खडकाला घासला की सुरीने कापल्यासारखा तुटतो. ६० ते १०० ग्रॅमचे जिग (धातूची वजनदार खोटी आमिषं) भरपूर आण, काही तळाला राहणारच. जिगचा तीन काट्यांचा गळ काढून एकच गळ लाव. केल्पमध्ये (मोठ्या पानांच्या समुद्री शेवाळात) अडकणं निम्म्यावर येतं.

फेकताना मुख्य धारेत टाकायचं नाही. तिथे जिग तळाला पोचायच्या आधीच वाहून जातो आणि खालच्या बाजूच्या दगडात रुततो. वेगवान पाणी आणि भोवऱ्याचं फिरतं पाणी जिथे एकमेकांना घासतात ती कड शोध, तिच्या जरा वर टाक आणि दोरी किंचित ताणून बुडू दे. सेई त्या कडेलाच, मधल्या पाण्यात उभा असतो: कॉडच्या कुळातला, पाठ काळपट हिरवी, कुशीवर सरळ फिकट रेघ. त्याला झपाट्याने वर उचललेला जिग आवडतो. २२.७ किलोचा विक्रमी सेई याच पाण्यातला. लागला की तो थेट खाली सूर मारतो. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) आवळलेला असेल तर गळ सरळ होतो किंवा स्प्लिट रिंग (गळ अडकवायची कडी) उघडते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेव आणि तो किती ते हातातल्या वजनकाट्याने मोज, अंदाजाने नको.

कॉड तळाशी, जिग हळू उचलून सोडला की येतो. ४४ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल आणि जगण्यासारखा असेल तर परत सोडायचा. हॅलिबटला (मोठा चपटा मासा) किमान ८४ सेंटीमीटर, आणि २ मीटरच्या वरचा सोडून द्यायचा असा नियम आहे. (लागू दे तर आधी!) स्टाइनबिट (इंग्रजीत वुल्फफिश) आला तर तोंडाजवळ बोट नेऊ नकोस, शिंपले फोडणारे दात आहेत त्याचे, मेल्यावरही जबडा मिटतो. गळ लांब पकडीनेच काढ.

बोट घेणार असशील तर जोराच्या प्रवाहात तिथे जायचंच नाही. ८ मीटरपेक्षा लहान बोट चालू असताना जीवरक्षक जाकीट अंगात असणं कायद्याने सक्तीचं आहे. मी तर काठावरही घाल म्हणेन, केल्पचे दगड शेवाळलेल्या पायरीहून वाईट.

वारा सुटला की समुद्र सोड आणि गोड्या पाण्याकडे वळ. शहरामागच्या डोंगरातल्या तळ्यांत ट्राउट आणि चार (सॅल्मनच्या कुळातला थंड पाण्याचा मासा) असे दोन मासे आहेत. तिथे मात्र तळ्याच्या हक्कदारांकडून फिस्केकोर्ट म्हणजे परवानगी घ्यावी लागते, ती ऑनलाइन मिळते. हलका रॉड, ०.२० मिमी दोरी, ५ ते १० ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचं खोटं आमिष) किंवा तरंडीखाली (तरंगत्या बोंडाखाली) गांडूळ. वारा ज्या काठावर आदळतो तिथेच उभा राहा. किडे तिकडे ढकलले जातात आणि ट्राउट त्यांच्यामागे येतो. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदी आहे.

रोग्नानजवळ साल्टडालची नदी समुद्री ट्राउटसाठी नावाजलेली. तिथे सरकारी शुल्क वेगळं, नदीचं कार्ड वेगळं, आणि सगळी साधनं निर्जंतुक केल्याचा दाखला. गिरोडॅक्टिलस नावाच्या परजीवीने नॉर्वेतल्या कितीतरी नद्यांतले सामन (सॅल्मन) मासे संपवले, म्हणून ही कडक शिस्त. मोसम आणि मर्यादा दरवर्षी बदलतात, आदल्या दिवशी बघू.

मासा घरी न्यायचा विचार असेल तर नोंदणीकृत पर्यटन-मासेमारी व्यवसायाकडेच राहा. त्यांच्या कागदाशिवाय समुद्राचा मासा देशाबाहेर नेता येत नाही.

आणि सेई पकडल्या पकडल्या कल्ले कापून रक्त काढ, जागेवरच पोट साफ कर, बर्फात घाल. उशीर झाला की मांस मऊ आणि करडं पडतं, आतड्यातल्या अळ्या मांसात शिरतात. नीट शिजवला की भीती नाही. कालवणाला हा मासा उत्तम, तेव्हा पाव किलो कोकमं घेऊन ये. आणि रील कुठली आणतोस ते आधी कळव, इथे सगळं महाग आहे.

तुझा,
अविनाश