लसीकरणाच्या दिवशी आईलाही काट्यावर उभं करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते, माझं बाळ आता नऊ महिन्यांचं होईल. गेले काही दिवस मनात घोळतंय ते लिहितेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

गरोदर असताना दर खेपेला माझं वजन झालं. महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात जी तपासणी असते तिथे गेलं की पहिलं काट्यावर उभं करायचे, मग बीपी, मग रक्त, आणि सगळं कार्डावर लिहायचे. आधी 58 किलो होते, नवव्या महिन्यात 73 झाले. आषाढात डिलिव्हरी झाली आणि त्या दिवसापासून माझं वजन विचारणारं कोणी उरलं नाही. आशाताई घरी आल्या, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, अशा बेचाळीस दिवसांत सहा वेळा, भर पावसात छत्री घेऊन पाखाडी चढून आल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण झोळीच्या काट्याला लटकायचं ते बाळ. कार्डावर बाळाच्या वजनाची रेघ छान वर चढत गेलीय आणि माझ्या वजनाचा शेवटचा आकडा तोच, 73.

सातव्या महिन्यात मला शुगर निघाली होती. ते 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात ना, त्यात 140 किंवा त्याच्या वर आली की गरोदरपणातली शुगर समजतात, माझी 152 होती. तेव्हा मला एका वाक्यात सांगितलं, वजन वाढलंय, भात बंद करा. आता कोकणातल्या बाईला भात बंद करा सांगून ती काय खाणार हे कोणीतरी सांगायला नको का? पंधरा दिवस मी अर्धपोटी काढले, चक्कर यायची. मग मुंबईला मावशीची मुलगी नर्स आहे तिने फोनवर समजावलं की भात एक वाटीच घे पण त्याच्याबरोबर कुळथाची पिठी, उसळ, बांगडा नाहीतर तारली, पालेभाजी असं ताट भर, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल. एवढ्यावर शुगर आटोक्यात राहिली. बंद करा म्हणण्यापेक्षा किती आणि कशाबरोबर हे सांगायला दोन मिनिटं जास्त लागतात, पण बाई उपाशी राहत नाही.

ह्याच्या उलटही होतं. आमच्या वाडीतल्या एका मुलीला घरातून सांगितलेलं की कमी खा, बाळ मोठं झालं तर सिझर करतील. ती मुळात 41 किलोची, नऊ महिन्यांत जेमतेम पाच किलो वाढली, बाळ 2.1 किलोचं झालं. 2.5 च्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ धरतात. बारीक बाईने जास्त वाढायला हवं, 12.5 ते 18 किलो, वजन ठीक असेल तिने 11.5 ते 16 आणि आधीच जास्त असेल तिने 7 ते 11.5, हे आकडे 2009 मध्ये अमेरिकेत ठरवलेले आहेत, आपल्याकडचे डॉक्टर साधारण 10-12 किलो सांगतात. म्हणजे प्रत्येकीचा हिशोब वेगळा. आणि दोन जीवांची आहेस, दोघांचं खा म्हणतात पण जास्तीचं लागतं ते दिवसाला साडेतीनशे कॅलरी, एक नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध, बस.

बाळंतपणात माझ्या सासूबाईंनी जे केलं ते प्रेमानेच केलं. डिंक तुपात फुलवून, खोबरं खारीक कुटून, पाच किलोचा डबा भरून लाडू. सकाळी दोन लाडू, मग आळीवाची खीर, दुपारी भातावर तूप, संध्याकाळी परत शिरा. नको म्हटलं की "खा गो, नायतर दूध कसा येतला?" आणि शेगडीचा शेक घेऊन सव्वा महिना आत पडून राहायचं. पाजणाऱ्या बाईला खरंच जास्त लागतं, पहिले सहा महिने दिवसाला सहाशे कॅलरी जास्त, तेव्हा लाडू वाईट असं मी म्हणणार नाही. एक लाडू आणि वाटीभर खीर त्या हिशोबात बसते. पण मोठा चमचाभर तुपातच सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, त्यामुळे दिवसभर तेच चाललं तर तीन महिन्यांत काय होतं ते मी अंगावर बघितलंय. दूध येतं ते बाळाला वरचेवर पाजल्याने, पोटभर साधं जेवल्याने आणि पाणी प्यायल्याने. (जाता जाता, दूध येण्यासाठी आमच्याकडे मोरी म्हणजे शार्क मासा खायला घालतात, पण अशा मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो, म्हणून गरोदर आणि पाजणाऱ्या बायांनी ती टाळावी. तारली बांगडे खुशाल खावेत.)

दीड महिन्याची लस गणपतीच्या तोंडावर होती. उपकेंद्रात गर्दी, बाळं रडतायत, आणि कोपऱ्यात टेबलाखाली मोठ्यांचा वजनकाटा, त्याच्यावर कापसाचा खोका ठेवलेला. मी स्वतः खोका बाजूला केला आणि उभी राहिले, 71. बाळ जाऊन, पाणी जाऊन, सगळं होऊन फक्त दोन किलो कमी. मला तिथेच रडू आलं. सिस्टर चांगल्या होत्या, म्हणाल्या होईल कमी हळूहळू, पण शुगर परत तपासा हे मात्र राहून गेलं. ज्यांना गरोदरपणी शुगर होती त्यांनी सहा आठवड्यांनी तीच टेस्ट परत करायची असते कारण पुढे डायबेटिस व्हायचा धोका आयुष्यभर जास्त राहतो, आणि वजन न उतरवता परत दिवस गेले तर परत शुगरची भीती. हे मला बाळ सात महिन्यांचं झाल्यावर त्या मावसबहिणीकडून कळलं. केली तर 158 आली. डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर.

आता मी काय करते तेही सांगते, कोणाला उपयोग होईल. पोटाला पट्टे बांधून चरबी जात नाही, आणि उपास करायचे नाहीत कारण बाळ पितंय. आठवड्याला अर्धा किलो इतकं हळू उतरलं तर दुधाला काही होत नाही. पावसात बाहेर पाय टाकता येत नव्हता तेव्हा पडवीतच ह्या टोकाचं त्या टोकाला चालायचे, पंचवीस पावलं, बाळ खांद्यावर. आठवड्याला दीडशे मिनिटं चाललं तरी पुरतं म्हणतात. सिझर असेल तर चालणं लवकर सुरू करता येतं पण पोटाचे व्यायाम आणि जड उचलणं डॉक्टरांना विचारूनच. आज मी 66 वर आहे.

माझं मागणं एवढंच आहे. दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिने, ह्या चारही लसींना आई बाळाला घेऊन येतेच. आशाताईंना जास्तीची फेरी नको, नवीन योजना नको, काटा तिथेच आहे. फक्त आईला त्याच्यावर उभं करा, आकडा कार्डावर लिहा, शुगर होती का विचारा. आणि आकडा बघून चार बायकांत तिला बोलू नका, सुटलीस, फुगलीस असं ऐकलं की ती पुढच्या वेळी काट्यावर चढणारच नाही.

येत्या बुधवारी आमची नऊ महिन्यांची लस आहे. कार्डाच्या मागे थोडी कोरी जागा आहे, तिथे माझं वजन लिहायला सिस्टर हो म्हणाल्यात.

आपली,
देवगड तालुक्यातली एक आई