सगळाच कांदा ‘नाशवंत’ कसा?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कांद्याचे भाव पडले की बातम्यांत एक कारण हमखास वाचायला मिळतं: माल नाशवंत, म्हणून शेतकऱ्याला मिळेल त्या भावात द्यावा लागतो. हा शब्द इतका सरसकट वापरू नये, ही विनंती.

संतांनी देहाला नाशवंत म्हटलं, ते चोखच आहे. तिथं मुदतीचा प्रश्न नाही. बाजारात मात्र सगळा प्रश्न मुदतीचाच. मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते, पिकला टोमॅटो काही दिवस तग धरतो आणि एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळी कांदा चांगल्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने सहज राहतो. तिघांनाही नाशवंतच म्हणायचं?

कांद्या-कांद्यातही फरक आहे. खरिपाचा लाल कांदा साठवणुकीचा नव्हेच. ठेवला की कोंब फुटतात. उन्हाळी कांदा निम्म्याहून जास्त रोपांच्या माना पडल्यावर, म्हणजे पात कांद्याजवळ वाकून आडवी झाल्यावर काढतात, पातीसकट शेतात सुकवतात. मान बारीक मिटलेली, हाताला कडक, वरची पत्ती कुरकुरीत, असा माल चाळीत भरायचा. जाड मानेचा, जोड (दोन कांदे चिकटलेला) आणि डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) आधीच बाजूला काढायचा. तरीही वजनात घट येते, पावसाळ्यात काजळी, म्हणजे काळी बुरशी धरते, काही सडतो. पण हा हिशेब महिन्यांचा आहे, दिवसांचा नाही.

मग मे महिन्यातच पडत्या भावात कांदा का निघतो? गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज, मजुरी, खताच्या दुकानातली उधारी. आणि कित्येकांकडे चाळच नाही. ‘नाशवंत’ म्हटलं की दोष कांद्यावर जातो आणि ही कारणं बातमीत येतच नाहीत. उलट डिसेंबर २०२३मध्ये केंद्रानं निर्यातबंदी केली तेव्हा बाजारात लाल कांदा येत होता. तो थांबवून धरणं कुणाच्याच हातात नव्हतं, म्हणून तो घाव खोल बसला. हा शब्द खरा लागू पडतो तो अशा वेळी, आणि तेव्हा तो ठळकपणे लिहायला हवा.

बाजारभावाच्या तक्त्यात ‘लाल’ आणि ‘उन्हाळी’ अशा वेगळ्या ओळी असतातच. बातमीतही कांदा कोणता, चाळीतला की थेट शेतातून आलेला, एवढं कृपया नमूद करावं.

आपला,
एक कांदा उत्पादक वाचक
निफाड, जि. नाशिक